ठकूमावशीचा ठोका

ठकूमावशीचं खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. तो गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि तिलाही त्याची फारशी उणीव भासली नाही. खाडीकाठची सगळी माणसं, लहान असोत की म्हातारी, तिला ठकूमावशीच म्हणत. ओहोटी लागली की ती आपली होडी उथळ पाण्यात नेऊन उभी करी, कपडे धुवायची एक जुनी लाकडी मोगरी हातात घेई आणि होडीच्या तळाच्या फळीवर ठकठक करी. त्या आवाजाला समुद्रातले डॉल्फिन खाडीत येत.

यात जादूटोणा काही नव्हता, सरळ भागीचा धंदा होता. डॉल्फिन बोय माशांचा थवा पुढे घालून उथळाकडे हाकत आणत. थवा होडीजवळ आला की त्यांच्यातला एखादा शेपटी पाण्यावर सपकन आपटे. म्हणजे, टाक आता. मावशी उभी राहून फेकजाळं टाकी. जाळ्यात सापडायचे ते सापडत, आणि घाबरून उलट पळणारे थेट डॉल्फिनांच्या तोंडात जात. पहिल्या फेकीतले मासे मात्र ती कधी घरी नेत नसे. ते ओंजळी भरभरून पुन्हा पाण्यात टाकायचे, त्यांचा वाटा म्हणून. तिची आई तसंच करी आणि आईची आईही. कुणी विचारलंच तर मावशी म्हणे, "आधी त्यांचं पोट भरलं की आपल्याशी नीट वागतात. जावयाचंही तसंच असतं."

जीभ तिची अशीच होती, कुणाची भीडभाड नाही. डॉल्फिनांनाही ती शिव्या घाली. पाठीवरचा पंख फाटलेल्याचं नाव कानफाट्या. जो सगळ्यांच्या मागून यायचा, शेपटी म्हणून कधी आपटायचा नाही आणि खायला मात्र पहिला, तो आळशी. सगळ्यांत मोठी मादी थोरली. तिच्याशी मावशी जरा अदबीनं बोले. आणि थोरलीची लेक होती चोंबडी. काम सुरू व्हायच्या आधी होडीला नाक लावून आत काय चाललंय ते बघितल्याशिवाय हिला चैन पडत नसे. "काय गं, तुझं काय हरवलंय इथं?" मावशी ओरडे, "कामाला लाग!" आणि ती खरंच कामाला लागे. एरवी मावशी कुणाच्या घरी फार जात नसे. लेक आणि जावई दोन गल्ल्या सोडून राहत, तिथंही बोलावल्याशिवाय नाही. तिचं जे काही येणंजाणं होतं ते या पाण्यातल्या मंडळींशी.

पूर्वी खाडीवर असं ठोकणारी आणखी काही घरं होती. त्यांनी इंजिनं घेतली, मोठी जाळी घेतली, आणि हे काम सोडून दिलं. शेजारच्या इंजिनवाल्याला एकदा हुक्की आली. त्यानं तशीच मोगरी करवून घेतली, मावशीच्याच जागी होडी लावली आणि सकाळभर फळी बडवत बसला. एक खेकडा सोडला तर कुणी फिरकलं नाही. मावशी आठवडाभर हसत होती. त्या दिवसापासून तिच्या मनानं घेतलं की डॉल्फिन लाकडाला किंवा आवाजाला येत नाहीत. ते तिचा हात ओळखतात. तिचा ठोका होताही वेगळा. दोन जोरात, मग जरा थांबून तिसरा हलका. तरुणपणी तिचं मनगट मोडलं होतं आणि जरा वाकडंच जुळलं होतं, म्हणून तो तिसरा ठोका नेहमी किंचित उशिरा पडे. एखादं माणूस पायरी उतरताना अडखळावं तसा. बाकी कुणाला तो जमायचा नाही, आणि मावशीला त्याचा भारी अभिमान होता.

या अभिमानानंच पुढं घात केला.

खाडीच्या तोंडाशी एक टेकडी होती. टेकडीपलीकडे समुद्र आत शिरून झालेल्या लहानशा कोंदणात छप्पर उडालेली एक लांबलचक शेड उभी होती. आत विटांच्या भट्ट्या, गंजलेल्या साखळ्या, आणि भिंतींना उन्हाळ्यात अजूनही सुटणारा एक खवट वास. मावशीच्या आजोबांच्या काळात तिथं देवमासे ओढून आणत आणि त्यांची चरबी कढवत. आजोबा स्वतः शिकारीच्या नावेवर वल्ही मारत. ते काम बंद का पडलं, असं कुणी विचारलं की म्हातारे सांगत, कायदा आला म्हणून. आजोबा खरं सांगत. देवमासेच संपले म्हणून बंद पडलं. दया कुणाला आली नव्हती.

आजोबांनीच तिला एकदा सांगितलं होतं की आई आणि पिल्लू दिसलं तर भाला आधी पिल्लाला मारायचा.

"मग आई पळून नाही का जात?" तिनं विचारलं होतं. तेव्हा ती लहान होती.

"नाही जात," आजोबा म्हणाले होते. "म्हणून तर सोपं जायचं."

ते हे सांगताना घेवड्याच्या शेंगा निवडत बसले होते आणि निवडतच राहिले. मावशीला त्यांची भीती वाटायची ती तेव्हापासून.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सगळंच काहीतरी बिनसलं होतं. खाडीबाहेर नवा धक्का बांधायचं काम निघालं होतं. दिवसभर समुद्राच्या तळात लोखंडी खांब ठोकत. किनाऱ्यावर तो आवाज नुसता दूरचा वाटे, पण होडीत बसलं की तळाच्या फळीतून पायांना जाणवे. मावशीची मोगरी नुसती ठेवली तरी थरथरे. डॉल्फिन उशिरा येऊ लागले. आले तरी बावचळल्यासारखे, एकमेकांना चिकटून. थोरलीच्या शेपटीच्या मुळाशी नायलॉनची दोरी आवळलेली दिसली. कुणाच्या तरी जाळ्यातून ती निसटली होती, पण दोरी घेऊनच. मावशीनं दोनतीनदा कोयता घेऊन हात पुढे केला, पण थोरली तेवढी जवळ येईना. दोरी दर आठवड्याला थोडी आत रुतत गेली.

मग एका सकाळी आळशी वाळूत येऊन पडलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही, पोट भरलेलं, डोळे उघडे. गावातली माणसं भोवती उभी राहिली. कुणी म्हणालं आजार, कुणी म्हणालं म्हातारा झाला होता. मावशीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"काय कामाचा नव्हता मेला," ती म्हणाली, आणि बाहीनं नाक पुसलं.

तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पण पाल चुकचुकली म्हणून माणूस कामधंदा सोडून बसत नाही. दुसऱ्या दिवशी ती परत ठोकायला गेली.

त्याच सुमाराला जावयाला नोकरी लागली. टेकडीपलीकडे, त्या जुन्या शेडच्या जागी, एक कंपनी समुद्रबाग बांधत होती. काचेचे मोठे हौद, बसायला पायऱ्या, खेळ बघायला तिकीट. जावई कंपनीची लाँच चालवी. मुलगा सरळ होता, कष्टाळू होता, आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळला होता. लेकीच्या चेहऱ्यावर हसू दिसलं तेव्हा मावशीलाही बरं वाटलं. तिनं त्याला चिडवायचीही संधी सोडली नाही. "काय जावईबापू, टोपी घातलीत म्हणून कप्तान झालात?"

एका दुपारी जावईबापू कंपनीच्या डॉक्टरांना घेऊन आले. जनावरांचे डॉक्टर. बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्यानं सावध व्हावं. पण माणूस स्वतःची स्तुती ऐकताना सावध होत नाही. आणि पाहुणे जावयानं आणलेले. त्यांना नाही म्हणायला तोंड कसं उघडायचं?

"मावशी, तुमचं नाव फार ऐकलंय," डॉक्टर म्हणाले. "तुमचा ठोका आम्हाला ध्वनिमुद्रित करायचाय. अभ्यासासाठी."

"कसला अभ्यास?"

"हे प्राणी आवाज कसे ओळखतात, त्याचा."

"आवाज नाही ओळखत. माझा हात ओळखतात," मावशी म्हणाली. "या इंजिनवाल्याला विचारा, खेकडा आला होता त्याच्याकडं."

डॉक्टर मनापासून हसले. मग मावशीनं त्यांना होडीत घेतलं. डॉक्टरांनी लांब वायरीला लावलेला एक काळा माइक पाण्यात सोडला. मावशीनं मोगरी उचलली आणि ठोके दिले. डॉल्फिन आले, थवा आला, शेपटी आपटली, जाळं पडलं. सगळं आपल्या जागी, जणू परीक्षेला बसल्यासारखं. चोंबडीनं तर त्या काळ्या माइकलाही नाक लावून पाहिलं. जावई कौतुकानं बघत होता. मावशीला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

"मावशी, शेवटचा ठोका नेहमी असाच उशिरा येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं मनगटाची सगळी कथा सांगितली. हात पुढे करून वाकडं हाडही दाखवलं. डॉक्टरांनी ते बोटांनी हळूच दाबून पाहिलं.

"आणखी दोनचारदा ठोकाल?"

तिनं ठोकलं. मग म्हणाली, "न्या, हवं तेवढं न्या. डबीतून वाजवलं म्हणून कुणी येणार नाही. यंत्राला काय हात असतो?"

डॉक्टरांनी माइक काळजीपूर्वक फडक्यानं पुसून पेटीत ठेवला.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर काहीच झालं नाही. मग एके दिवशी डॉल्फिन आले नाहीत.

मावशी ठोकत राहिली. पाणी सपाट. मोगरीचा हात बदलला, जागा बदलली, शिव्या दिल्या, मग गोडीगुलाबीनं बोलली. ओहोटी संपून पाणी फिरलं तरी कुणी नाही. रिकामं जाळं घेऊन ती घरी आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "रुसले वाटतं?" मावशी हसली खरी, पण घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी ती जाळं खांद्यावर टाकून निघतच होती, तेवढ्यात इंजिनवाला दारात आला. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता.

"मावशी, तू घरीच आहेस?"

"मग काय आभाळात असू?"

"टेकडीपलीकडं मी इंजिन बंद करून दोरी सोडवत होतो," तो म्हणाला. "तळातून ठोका ऐकू आला. तुझा ठोका."

"दुसरं कुणी असेल."

"तिसरा उशिरा पडत होता गं."

मावशी त्याच्या होडीत जाऊन बसली. टेकडीला वळसा घातल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि तळाच्या फळीला कान लावला. आधी नुसती पाण्याची चुळबुळ. मग दोन जोरात. मग जरा थांबून, किंचित उशिरा, तिसरा हलका. पुन्हा दोन. पुन्हा तिसरा. न थकता, न थांबता, तिचं वाकडं मनगट पाण्याखाली ठोकत होतं. ती स्वतः तर इथं होती, दोन्ही हात फळीवर टेकून. तिला तिचाच हात कुणीतरी कापून नेल्यासारखं वाटलं.

एका क्षणात तिला सगळं कळलं, आणि जे कळलं ते फार वाईट होतं. डॉल्फिन खरंच तिचा हात ओळखत होते. दुसऱ्या कुणाचा ठोका असता तर ते कोंदणात शिरलेच नसते. तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलेली गोष्ट खरी होती, म्हणूनच ते फसले होते.

कोंदणाच्या तोंडाला आडवं जाळं लावलेलं होतं. आत कंपनीची लाँच, आणि लाँचच्या सुकाणूशी टोपी घातलेला जावई. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कॅनव्हासच्या झोळीत कुणाला तरी चढवत होती. फाटका पंख झोळीच्या बाहेर आला होता. त्याच्याआधी आणखी दोघांना उचलून नेलं होतं. वाळूवर ताडपत्रीखाली एक मोठं धूड पडलं होतं. शेपटी बाहेर होती आणि शेपटीच्या मुळाशी नायलॉनची दोरी. थोरली जाळ्यात गुरफटली होती. डॉल्फिनलाही श्वास घ्यायला वर यावं लागतं. तिला येता आलं नव्हतं.

आणि जाळ्याच्या बाहेर उरलेले चौघं होते. समोर सगळा समुद्र मोकळा असताना ते जाळ्याला लागून इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या घालत होते. झोळीतून कानफाट्या त्यांना हाका मारत होता. त्या चौघांत चोंबडी होती. मावशीला शेंगा निवडणारा आजोबांचा हात आठवला.

"जावईबापू!" ती ओरडली. "बंद करा ते!"

जावयानं मान वर केली. त्याचा रंग उडाला. "आई, तुम्ही इथं कशाला आलात?"

"बंद करा म्हणते ना!"

ठोके डॉक्टरांनी बंद केले. ते लाँचच्या कडेला आले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तेही झोपले नसावेत. "मावशी, मोठी गेली त्याचं आम्हालाही फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "असं व्हायला नको होतं. बाकीच्यांना काही त्रास होणार नाही. रोज खाणं, औषधं, स्वच्छ पाणी. बाहेर आता काय राहिलंय त्यांच्यासाठी? तो धक्का, ही जाळी... तुम्ही बघताच आहात."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"झालं ना आता तुमचं?" तिनं विचारलं.

"अजून दोन माद्या लागतील," डॉक्टर म्हणाले. "आता वारा वाढतोय. वारा पडला की येऊ."

वारा खरंच वाढत होता. इंजिनवाल्यानं होडी वळवली. मावशी मागं बघत राहिली. चौघांपैकी एकीनं पाण्याबाहेर डोकं काढून त्यांच्या होडीकडे पाहिलं. ती कोण हे सांगायची गरज नव्हती.

मावशी सरकारी कचेरीत गेली. तिथला साहेब चांगला माणूस निघाला, आणि तेच वाईट झालं. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, परवानगी वरून आलीय, रीतसर आहे, माझ्या हातात काही नाही. निघताना त्यानं तिला जिन्यापर्यंत सोडलंही. मग ती कंपनीच्या फाटकावर गेली. तिथल्या पहारेकऱ्यानं पाणी दिलं आणि आत सोडलं नाही.

संध्याकाळी जावई तिच्या घरी आला. लेक बरोबर होती. रडून डोळे सुजलेले. जावई उंबऱ्याजवळच उभा राहिला. टोपी काढून हातात धरली होती.

"मला डॉल्फिनांची मोजणी म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "आई, शपथ."

"बसा," मावशी म्हणाली.

तो बसला नाही. "मी नोकरी सोडतो."

"तुम्ही सोडलीत तर दुसरा कुणी लाँच चालवेल. त्यानं काय होणार?" ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, तो माझा ठोका ज्या डबीत आहे, ती पाण्यात टाकता येईल का? तुम्हाला नाही जमत तर मी टाकते."

जावयानं मान हलवली. "ते एका डबीत नसतं आई. त्यांच्या फोनमध्ये आहे, कचेरीत आहे. दुसऱ्या शहरातल्या बागेलाही पाठवलंय म्हणे. आता ते सगळीकडं आहे."

बाहेर वारा पत्र्याला धरून हलवत होता. लेकीनं आईचा वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला.

"ठोका परत घेता येत नाही," शेवटी मावशी म्हणाली, आपल्याशीच बोलल्यासारखी. "मग त्यांनीच यायला नको."

"त्यांना कसं सांगणार आई?"

"मारून," मावशी म्हणाली.

वारा पडणं आयुष्यात पहिल्यांदा तिला नको झालं. एरवी वारा पडला की होडी काढायची, एवढंच तिला माहीत. आता ती सकाळी उठून आधी झाडांच्या पानांकडे बघे, आणि ती हलत असली की जीव भांड्यात पडे. मग एका सकाळी पानं हलत नव्हती.

तिनं जाळं घरीच ठेवलं. मोगरी घेतली आणि होडी रेटायचा जाड बांबू घेतला. लेक काठापर्यंत आली. "मी येऊ?" तिनं विचारलं. "नको," मावशी म्हणाली. "तू बघू नयेस असं वाटतं."

खाडी आरशासारखी स्वच्छ होती. तिनं नेहमीच्या जागी होडी लावली. मोगरी उचलली आणि तशीच धरून बसली. आपण ठोकावं आणि कुणी येऊ नये, असं तिनं मनापासून मागितलं. कोंदणात जे झालं त्यानंतर ते आले नाहीत, तर काहीच करायला नको. मग ठोकलं. दोन जोरात, एक उशिरा.

ते आले. खाडीच्या तोंडाशी चार पाठी वर आल्या, आणि सरळ तिच्याकडे. इतकं होऊनही आले. डबीतल्या हाताचा राग त्यांनी खऱ्या हातावर धरला नव्हता. मावशीला स्वतःचाच संताप आला.

पहिला जवळ आला तसा तिनं बांबू हाणला. पाणी उसळलं. दुसऱ्याला पाठीवर बसला. ती ओरडत होती, शिव्या देत होती. त्या नेहमीच्या लाडाच्या शिव्या नव्हत्या. मधेच बांबू टाकून मोगरीनं ठोके देई आणि पुन्हा बांबू उचली, म्हणजे ठोका आणि मार एकाच गाठोड्यात बांधले जावेत. तिघं वळले. पाण्यावर तीन रेघा उमटल्या आणि खाडीच्या तोंडाकडे गेल्या. त्यांनी मागं पाहिलं नाही.

चोंबडी गेली नव्हती. ती होडीच्या कडेला आली आणि सवयीप्रमाणे नाक वर काढून आत काय चाललंय ते पाहू लागली. मावशीनं डोळे मिटले आणि मारलं. बांबूला हाड लागल्याचं तिच्या वाकड्या मनगटापर्यंत जाणवलं. डोळे उघडले तेव्हा पाण्यावर थोडं लाल होतं आणि चोंबडी नव्हती.

मावशी होडीत खाली बसली. रडायला लागली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. झालं, असं ती म्हणत होती. झालं एकदाचं, सुटली.

मग तिला तो आवाज ऐकू आला. पाऊस पाण्यावर पडावा तसा, पण आभाळ कोरडं होतं. तिनं मान वर केली. पलीकडच्या काठापासून बोय माशांचा थवा उड्या मारत येत होता. एवढा मोठा थवा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या मागं एकच पाठ होती. जे काम आठजण मिळून करत, ते चोंबडी एकटी करत होती. डावीकडे धाव, उजवीकडे धाव, फुटू पाहणाऱ्या माशांना पुन्हा आत वळव. तिची दमछाक झालेली दिसत होती. तिच्या नाकावरची कातडी फाटली होती.

मावशीला कळलं. चोंबडीला वाटलं होतं की काम कमी पडलं. एवढ्या दिवसांत मासे आणले नाहीत, म्हणून मार बसला.

थवा होडीभोवती आला. मासे उडून फळ्यांवर आपटत होते, दोनचार तिच्या पायांशी पडून तडफडत होते. चोंबडीनं शेपटी पाण्यावर सपकन आपटली. आणि थांबली.

जाळं घरी होतं. मावशी तशीच उभी राहिली. तिनं हात हलवून "जा" म्हटलं, मग हात जोडले. चोंबडी वाट पाहत राहिली. जाळं पडत नाही असं पाहून तिनं शेपटी पुन्हा आपटली, या वेळी जरा हळू. थवा विखरू लागला. ती हळूहळू होडीच्या कडेला आली आणि फाटलेलं नाक पाण्याबाहेर काढून तिच्याकडे बघू लागली.

टेकडीपलीकडे लाँचचं इंजिन सुरू झालं. मावशीनं ते ऐकलं. तिनं बाहीनं तोंड पुसलं, पाय नीट रोवले आणि बांबू दोन्ही हातांनी उचलला. मघाशी डोळे मिटले होते म्हणून मार हलका बसला होता. या वेळी तिनं डोळे उघडे ठेवले.